लोकलमधला उकाडा आणि गर्दी: नुसतं 'पाणी प्या' नको, नेमकं काय करायचं ते सांगा

बदलापूरची_सकाळ
मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबर हे लोकलच्या प्रवाशांचे सगळ्यात जड महिने. दर वर्षी वर्तमानपत्रांत तेच ते छापून येतं: भरपूर पाणी प्या, सैल कपडे घाला, दुपारी बाहेर पडू नका. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान बदलापूरहून दादर गाठायचं आणि संध्याकाळी त्याच गर्दीत परतायचं, त्या माणसाला यातलं निम्मं लागूच होत नाही. म्हणून हा धागा.

डब्यात कुठे उभं राहिलं तर वारा लागतो? किती प्यायचं आणि केव्हा, कारण लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही? कपडे, बॅग यांचं काय? आणि शेजारचं माणूस भोवळ येऊन पडलं तर त्या गर्दीत काय करायचं?

'एसी लोकल पकडा' एवढंच लिहून थांबू नका. हव्या त्या वेळेला ती असतेच असं नाही, आणि पासाचे पैसे सगळ्यांना झेपत नाहीत.

खिडकीवाला
चांगला विषय. आधी उकाडा येतो कुठून ते पाहू, म्हणजे उपाय आपोआप सुचतील.

शांत उभ्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. डब्यात ३०० माणसं धरली तर ३० किलोवॅट. दीड टनाचा घरचा एसी सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे नुसत्या माणसांची उष्णता काढायला तसे सहा एसी लागतील. छपरावर पडणारं ऊन वेगळंच. रेल्वेच्या भाषेत ज्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात, त्यात उभ्यांच्या जागेत दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं असतात. इतक्या दाटीत अंगाला अंग लागलेलं असतं, घाम वाळायला कातडीच मोकळी राहत नाही.

शरीर थंड होतं ते घाम वाळल्याने, घाम येण्याने नव्हे. ठिबकून खाली पडलेला घाम फुकट गेला. मुंबईच्या दमट हवेत तो वाळायला वारा लागतोच. त्यामुळे प्रश्न दोनच: अंगावर वारा कसा घ्यायचा, आणि गेलेलं पाणी-मीठ कसं भरून काढायचं.

चौथी_सीट
जागेबद्दल लिहितो.

छताचे पंखे हवा गार करत नाहीत, नुसती फिरवतात. पंख्याच्या बरोबर खाली झोत सर्वांत जोरात असतो, एखादं पाऊल बाजूला सरकलात की तो शेजाऱ्याच्या डोक्यावर जातो. म्हणून चढल्यावर आधी वर बघा, कोणता पंखा चालू आहे आणि तोंड कुठे आहे. बंद पंख्याखाली अडकलात तर पुढचं अर्धं स्टेशन संपायच्या आत जागा बदला, नंतर हलता येत नाही. आणि बंद पंखा जाळीतून पेन किंवा कंगवा घालून ढकलायचा प्रकार कृपा करून थांबवा. पातं सुरू झालं की बोट आत ओढलं जातं, आणि बिघाड असेल तर पंखा पुन्हा बंद पडतोच. डब्याचा नंबर टिपून १३९ वर किंवा रेलमदतवर तक्रार टाका.

दारातला चौक सगळ्यात भरलेला, तरी तिथे हवा असते. सर्वांत कोंदट जागा म्हणजे बाकड्यांच्या दोन रांगांमधला भाग, जेव्हा तिथेही माणसं उभी असतात. पण तिथे खिडकीकडे तोंड करून बाकड्याच्या टोकाशी उभं राहिलं तर गाडी पळत असताना चांगला वारा लागतो. खिडकीतल्या माणसाला 'जरा शटर वर करता का' एवढं विचारायला लाजू नका.

रानजाई
उन्हाची बाजू कोणती हेही सांगा ना कुणीतरी. पश्चिम रेल्वेवाल्यांसाठी.

खिडकीवाला
@रानजाई, पश्चिमेवर सोपं आहे. विरार ते चर्चगेट रूळ जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण. सकाळी दक्षिणेकडे जाताना पूर्व डाव्या हाताला, संध्याकाळी उत्तरेकडे परतताना पश्चिमही डाव्याच हाताला. म्हणजे दोन्ही वेळा गाडीच्या दिशेला तोंड केलं की ऊन डावीकडून. उजवी बाजू धरा.

बदलापूरहून येणाऱ्यांचं वेगळं. कल्याणपर्यंत गाडी वायव्येला चालते, तेव्हा सकाळचं ऊन उजवीकडून, जरा मागून येतं. कल्याणनंतर ती नैर्ऋत्येला वळते आणि ऊन डावीकडे मागे जातं. कल्याण-दादर हा टप्पा लांब, त्यामुळे उजवी बाजूच बरी. उन्हाच्या बाजूला बसावं लागलं तर फटींचं लोखंडी शटर अर्ध्यावर आणा: अंगावरचं थेट ऊन अडतं, वारा चालू राहतो. काच मात्र खाली ओढू नका, ती वारा अडवते आणि ऊन आत सोडते.

पंधरा_डबा
वरती 'दारात हवा असते' असं लिहिलंय, त्यावर माझा ठाम आक्षेप आहे. हे वाचून कुणी फूटबोर्डवर उभं राहायला नको. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली, जीव गेले. वळणावर गाडी कलते, दारातल्या माणसाची बॅग बाहेर असते, समोरची गाडी हातभर अंतरावरून जाते. घामाने दांडा निसटतो. उकाड्यात दारात राहण्याचा मोह जास्त आणि पकड कमी, म्हणून हाच मोसम सर्वांत धोक्याचा. रेल्वे कायद्याच्या कलम १५६ प्रमाणे तो गुन्हाही आहे, पण मुद्दा दंडाचा नाही, जिवाचा आहे.

चौथी_सीट
आक्षेप मान्य, वाक्य अर्धवट होतं. मी म्हणतोय ती जागा दाराच्या मधल्या खांबाच्या आतल्या बाजूची, जिथे दोन्ही पाय पूर्ण आत आणि एक हात खांबावर असतो. तिथेही पाठ दाराकडे नको. आणि ज्या बाजूला पुढची दोन-तीन स्टेशनं फलाट येणार नाही, त्या बाजूच्या आतल्या भिंतीला टेकून उभं राहणं बरं, चढउतारीचा धक्का लागत नाही.

कसारा_लोकल
फास्ट पकडा. गाडी पळती राहिली तर वारा राहतो. स्लो दर दोन-तीन मिनिटांनी थांबते आणि थांबली की डबा भट्टी होतो.

डोंबिवलीचा_पूल
पटत नाही. फास्टला वारा जास्त हे खरं, पण गर्दीही जास्त, आणि फास्ट सिग्नलला दोन स्टेशनांच्या मध्ये खोळंबली तर ना वारा, ना उतरायची सोय. ज्याला भोवळ येण्याचा त्रास आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, किंवा जी गरोदर आहे, तिने-त्याने स्लोच धरावी. दर तीन मिनिटांनी बाहेर पडायची संधी मिळते, तेवढी फास्टला मिळत नाही.

मधला मार्ग: ठाण्यापर्यंत मिळेल त्या गाडीने यायचं, तिथे उतरून तिथूनच सुटणारी स्लो पकडायची. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात, पण बसायला मिळण्याची शक्यता मोठी. संध्याकाळी दादरला झुंजण्यापेक्षा एक स्टेशन मागे परळला जाऊन तिथून सुटणारी कल्याण स्लो बघा, २०१९ पासून त्या चालू आहेत. वेळा एम-इंडिकेटर ॲपवर 'परळ' टाकून बघता येतात.

आणि पुलाचा जिना जिथे उतरतो तिथला डबा टाळा. सगळे धावत येऊन तोच पकडतात. फलाटावर ६०-७० पावलं पुढे चाललं की त्याच गाडीत फरक दिसतो. घाई असेल तेव्हा हे जमत नाही, म्हणून घरून पाच मिनिटं आधी निघायचं ते यासाठी.

रानजाई
खिडकीवाला, धन्यवाद! उजवी बाजू.

नाडी_परीक्षा
पिण्याबद्दल. 'भरपूर' हा शब्द काढून टाकूया.

निघायच्या दीड ते दोन तास आधी ४०० ते ५०० मि.लि. पाणी, सावकाश. यातलं जादा पाणी निघण्याआधी लघवीवाटे जातं. मग निघण्यापूर्वी लघवीला जाऊन या, आणि गाडीत दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, एवढंच. दोन तासांत ३०० मि.लि.च्या आसपास. गाडीत शिरताना अर्धा लिटर एकदम ढोसलं तर ठाणं यायच्या आत त्रास होणार. उतरल्यावर पुन्हा ३०० मि.लि. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय, फिकट असेल तर ठीक.

घाम खूप येणाऱ्याला नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. घरचं द्रावण: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, म्हणजे ५ मि.लि.चा. मीठ जास्त पडलं तर उलटी होते आणि फायद्याऐवजी तोटा, म्हणून मोजूनच घाला. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर पाणी टाकून द्या आणि नवं करा. पातळ ताकात चिमूटभर मीठ, कोकम सरबत, लिंबू सरबत हेही चालतं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, मीठ किंवा पाणी मोजून घ्यायला सांगितलं असेल, तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, आपल्या डॉक्टरांचे धरा.

अबोली_कर्जत
डॉक्टर, तुमचं सगळं बरोबर, पण बायका पाणी का पीत नाहीत हेही लिहा. कर्जत ते मुंबई दोन तास, गाडीत सोय नाही, फलाटावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप किंवा आत जाववत नाही. म्हणून शेकडो जणी सकाळपासून घोटभर पाण्यावर निघतात. त्याचं फळ मूत्रमार्गाचा संसर्ग आणि डोकेदुखी. 'दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट' हे म्हणूनच आवडलं, त्याने एकदम दाब येत नाही. चहा निघायच्या तोंडावर नको, दोन तास आधी. आणि आपल्या रोजच्या मार्गावरची, मधल्या मोठ्या स्टेशनांवरची चालू स्वच्छतागृहं कोणती, हे सगळ्या मैत्रिणींनी मिळून लिहून ठेवा. कुलूपबंद असेल तर फोटोसकट तक्रार करा. हा सोयीचा नाही, आरोग्याचा प्रश्न आहे.

नाडी_परीक्षा
ताई, शंभर टक्के. पाणी तोडणं हा उपाय नाही, आणि तो ज्यांच्यावर लादला जातो त्यांचा दोषही नाही.

सुती_पंचा
ओआरएसची पाकिटं घेणाऱ्यांनो, पाकिटावरचं माप वाचा. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं, छोटं २०० मि.लि.चं. मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं तर द्रावण दुप्पट कडक होतं, तहान आणि जुलाब दोन्ही वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं. खोक्यांत तयार मिळणारी गोड 'ओआरएस' पेयं त्या सूत्राची नसत, साखर कितीतरी जास्त. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. औषधाच्या दुकानातली पूडच घ्या. विरघळवलेलं द्रावण २४ तासांनी टाकून द्या.

गार पाणी टिकवायचं तर: बाटली पाऊण भरून आडवी ठेवून फ्रीजरमध्ये गोठवा (बर्फ फुगतो, काठोकाठ भरली तर तडकते), निघताना साधं पाणी वर ओता, जाड सुती कापडात गुंडाळा.

कपडे. लोक सुती म्हणतात ते अर्धंच खरं. जाड सुती कापड घाम शोषतं पण ओलंच राहतं आणि अंगाला चिकटतं. विरळ विणीचं, पातळ, एक माप सैल सुती किंवा लिनन घ्या. गडद निळा आणि राखाडी टाळा, डाग दिसतात म्हणून नव्हे तर फलाटावर उन्हात जास्त तापतात म्हणून. आतला बनियन घामाने भिजला की ऑफिसात बदला, पिशवीत कोरडा ठेवा. जांघेत, काखेत घासून चट्टे पडतात, तिथे सकाळी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. घामोळ्यांवर मात्र व्हॅसलीन नको, छिद्रं बुजतात.

बॅग पाठीवर असेल तर घाम वाळवणारी सगळ्यात मोठी मोकळी जागा, पाठ, झाकली जाते. रॅकवर टाका. रॅक भरलेला असेल तर दोन पावलांच्या मध्ये. अगदी दाटीत मात्र छातीवर घ्या, त्याचं कारण वेगळं आहे.

पंधरा_डबा
ते कारण मी लिहितो, कारण ते फार थोड्यांना माहीत असतं. गर्दीत माणूस गुदमरतो तो बहुधा हवेत प्राणवायू नसल्यामुळे नाही, छाती फुगायला जागा नसल्यामुळे. छातीसमोर बॅग किंवा मुठी आवळून आडवे धरलेले कोपर असले की तीन-चार बोटं जागा राहते आणि श्वास घेता येतो. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित सैल. धक्का येईल त्याच्याशी झुंजू नका, त्याच्याबरोबर थोडं हला आणि मग तिरपे बाजूला सरका. काही खाली पडलं तर त्या दाटीत वाकायचं नाही, फोन असला तरी.

उतरायची तयारी दोन स्टेशनं आधीपासून. दादरला उतरायचं तर फास्टमध्ये घाटकोपर सुटलं की पुढच्याला 'दादर उतरणार?' विचारत सरकायला लागा. शेवटच्या क्षणी जोर लावणाऱ्यांमुळेच निम्मी भांडणं आणि पडझड होते.

हिरवा_कंदील
गळ्यातले चार्जिंगचे पंखे कसे?

खिडकीवाला
मोकळ्या जागी उत्तम, दाटीत जपून. पाती उघडी असलेले गर्दीत नकोत, शेजारणीचे केस अडकतात. जाळीचे घ्या. आणि हे लक्षात ठेवा: हवा ३५ अंशांच्या वर गेली की ती कातडीपेक्षा गरम. तेव्हा कोरड्या अंगावर मारलेला वारा उलट तापवतो. मान आणि हात ओले करून मग पंखा लावा. ओल्या पंचाचंही तेच, वारा नसेल तर पाच मिनिटांत तो कोमट पोतेरं होतो.

आणखी एक. मोबाइलवर 'मुंबई ३४' दिसलं म्हणून बदलापूर-कर्जतवाल्यांनी निर्धास्त राहू नये. तो आकडा बहुधा सांताक्रूझ किंवा कुलाब्याचा, समुद्राच्या वाऱ्यातला. आत तो चार-पाच अंश चढा असू शकतो. किनाऱ्यासाठी हवामान खातं ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असलं की उष्णतेची लाट धरतं.

नाडी_परीक्षा
धागाकर्त्याचा चौथा प्रश्न राहिला होता: भोवळ.

बराच वेळ न हलता उभं राहिलं की रक्त पायात साचतं, मेंदूकडे कमी जातं. आधी खुणा येतात: जांभया, कानात गुणगुण, डोळ्यांपुढे काळोखी, गार घाम. तेव्हाच पोटऱ्या आवळा-सोडा, टाचा उचला, पाय एकमेकांत अडकवून मांड्या घट्ट दाबा. आणि लाज न बाळगता मोठ्याने सांगा, 'मला चक्कर येतेय, बसू द्या.' लोक जागा देतात.

माणूस पडलंच तर त्याला धरून उभं ठेवू नका. गर्दीत हीच चूक सर्रास होते आणि ती घातक आहे, डोकं वर राहिल्याने मेंदूला रक्त पोचत नाही. तिघांनी बाकडं रिकामं करायचं, आडवं करायचं, पायाखाली बॅगा. बाकडं नसेल तर जमिनीवर. कॉलर, पट्टा सैल. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही, चपलेचा किंवा कांद्याचा वास द्यायचा नाही. तोंडावर, मानेवर, हातांवर पाणी शिंपडा, वर्तमानपत्राने वारा घाला. साधी भोवळ मिनिटाभरात उतरते. लगेच उभं करू नका, दहा मिनिटं बसवा.

मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, शुद्ध आली पण असंबद्ध बोलतोय, अंग भट्टीसारखं तापलंय, झटके येताहेत, तर तो उष्माघात धरायचा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. डब्यातल्या सगळ्या बाटल्या त्याच्या अंगावर ओता, कपडे भिजवा, वारा चालू ठेवा, पुढच्या स्टेशनला उतरवा, १०८. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही. छातीत दुखतंय म्हणाला तर उन्हाचं म्हणून सोडू नका.

कसारा_लोकल
अशा वेळी साखळी ओढायची का?

पंधरा_डबा
दोन स्टेशनांच्या मध्ये शक्यतो नको. गाडी तिथे थांबली की वारा गेला, मदत येणार नाही आणि मागच्या गाड्याही अडकतात. पुढचं स्टेशन बहुतेक वेळा तीन-चार मिनिटांवर असतं. तोवर १३९ लावा, डब्याचा नंबर आणि येणारं स्टेशन सांगा, उतरताच स्टेशन मास्तरांना गाठा. फास्टमध्ये पुढचा थांबा लांब असेल तर गाडी कुठल्याही फलाटात असतानाच ओढणं श्रेयस्कर. कुणी दारातून पडलं किंवा अडकलं तर मात्र क्षणभरही थांबू नका. कलम १४१ ची शिक्षा विनाकारण ओढणाऱ्याला आहे. एसी लोकलमध्ये दाराजवळ बोलण्याचं बटण असतं, ते वापरा.

हिरवा_कंदील
एसीचा विषय निघालाच तर: फर्स्ट क्लासचा पास एसी लोकलला चालत नाही, एसीचा पास मात्र साध्या लोकलच्या फर्स्ट क्लासला चालतो. हे ठाऊक नसल्याने बरेच जण दंड भरतात. आणि एसीत दार अडवून उभं राहू नका. दार पूर्ण मिटल्याशिवाय गाडी सुटत नाही, तोवर गार हवा बाहेर आणि फलाटावरची दमट हवा आत. मग गार होत नाही म्हणून मोटरमनच्या नावाने ओरडण्यात अर्थ नाही.

डोंबिवलीचा_पूल
मुंब्र्यानंतर रेल्वेने आपोआप मिटणाऱ्या दारांच्या साध्या लोकलची घोषणा केली, त्यात दारांना फटी, छपरावरून हवा आत ढकलणारी यंत्रं आणि डब्यांतून आरपार जाता येईल अशी जोडणी असं सांगितलंय. तिघांपैकी आरपार जोडणी मला सर्वांत मोलाची वाटते, गर्दी आपोआप पसरेल. पण गाडी सिग्नलला उभी असताना फटींतून काहीच येणार नाही, तेव्हा सगळी भिस्त छपरावरच्या यंत्रांवर. ती बंद पडली तर दारं उघडण्याची पर्यायी व्यवस्था काय, हे प्रवासी संघटनांनी आत्ताच विचारून घ्यायला हवं.

बदलापूरची_सकाळ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्याला बदलून स्लो पकडणं आणि दोन-तीन घोटांचा हिशेब उद्यापासून. एक शेवटचं: इन्सुलिनचं पेन घेऊन प्रवास करणाऱ्यांनी बॅगेत कसं ठेवावं? पाण्यात भिजवून वापरायच्या त्या पिशव्या चालतात का?

नाडी_परीक्षा
त्या पिशव्या पाणी वाळून गार होतात, म्हणजे घामाचंच तत्त्व. कोरड्या हवेत छान, मुंबईच्या दमट हवेत आणि बंद बॅगेत फार कमी. वापरातलं पेन बहुधा ३० अंशांच्या आत चार आठवडे राहतं, नेमकं पत्रकावर बघा. उष्णतारोधक पाउच घ्या, बर्फाची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून एका बाजूला, पेन दुसऱ्या बाजूला, मध्ये कापडाची जाड घडी. बर्फाला थेट टेकलं आणि एकदा गोठलं की ते इन्सुलिन टाकूनच द्यायचं, वितळल्यावरही वापरायचं नाही. पाउच रॅकवर नको, छपराजवळ तापतं. आणि नाश्ता चुकवून गर्दीत शिरू नका, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या हाताला लागतील अशा ठेवा. घाम, थरथर, गोंधळ ही साखर उतरल्याचीही लक्षणं आहेत, ती उकाड्याची म्हणून अंगावर काढू नका.